फी भरलीये ना आम्ही!

परवा नववीच्या मराठीच्या स्वाध्याय वह्या तपासत बसले होते, एक वही उघडली आणि हसूच आलं. अक्षर आईचं. डायरीत तिच्या चिठ्ठ्या वाचते ना मी, "पोट दुखत होते, कृपया सूट द्यावी" वगैरे, तो गाठ मारल्यासारखा ळ कुठेही ओळखेन. आणि शेवटच्या पानावर चक्क हिशोब, इस्त्री १४ कपडे, दुधाचा खाडा २ दिवस.

पोराला बोलावलं, म्हटलं हे काय रे? वाटलं मान खाली घालेल, निदान सॉरी तरी म्हणेल. तर एकदम शांतपणे, "मिस, मम्मी बोलेल ना तुमच्याशी." उद्धटपणा अजिबात नव्हता हो, तेच जास्त लागलं. पार्सल फाटकं आलं की घरचे कस्टमर केअरशी बोलतात ना, त्यातलाच सूर.

मी २० पैकी ११ दिले. तेही जास्तच होते खरं तर. रात्री साडेदहाला आईचा व्हॉट्सॲप, ही मेंटल हॅरॅसमेंट आहे. आता शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं ते बरंच झालं, आमची पिढी फुटपट्टी आडवी खाल्लेली, मला ते परत नकोच आहे. पण ११ मार्क म्हणजे छळ??

सकाळी गेट उघडायच्या आधी बाबा हजर, खांद्याला लॅपटॉपची बॅग, लोकल पकडायची घाई. "मॅडम, एवढी फी भरलीये ना आम्ही! आणि इंटर्नलचे २० तर सगळ्याच शाळा देतात."

पहिल्या वाक्याला डोकं फिरलं. दुसऱ्याला गप्प बसले, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. २०१९ ला दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे तोंडी-बिंडीचे २० मार्क काढून टाकले होते, आठवतंय? आदल्या वर्षीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के, तो धाडकन ७७.१० वर. केवढी बोंबाबोंब झाली, अकरावीच्या ॲडमिशनला आपली मुलं सीबीएसई-आयसीएसईवाल्यांच्या मागे पडणार म्हणून! मग मार्क परत आणले आणि २०२० ला ९५.३० टक्के (लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता त्या वर्षी, तेही धरा). म्हणजे खिरापत वाटली आम्हीच, आता एखाद्याच्या हातावर कमी पडली तर तो भांडणारच ना. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात मोबाईलने पोरं बिघडली. मला नाही पटत. ॲडमिशनच्या वेळी एसी क्लासरूम आणि स्विमिंग पूल दाखवत फिरवतात ना पालकांना, मग गिऱ्हाईक गिऱ्हाइकासारखंच वागणार.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतल्या एकीची आई आली. गरीब घरच्या मुलांसाठी राखीव २५ टक्क्यांतली, आरटीईची ॲडमिशन. मुलुंडला चार घरची कामं करते. चपला स्टाफरूमच्या बाहेर काढल्या, कितीदा सांगितलंय असू द्या हो, पण नाही. "बाई, आठवीनंतर फी लागणार ना? हप्त्याने चालेल का?" कायद्याने ज्यांना खरंच हक्क दिलाय त्यातली ही बाई, आणि तोही आठवीपर्यंतच, पण आवाज इतका बारीक की शेजारच्या मॅडम डबा उघडत होत्या त्यात विरून गेला, मला परत विचारावं लागलं. ऑफिसमध्ये चौकशी केली तर म्हणे मॅनेजमेंटच्या नावाने अर्ज द्यायला सांगा. दिलाय. अजून उत्तर नाही.

त्या बाबांना मात्र दुपारपर्यंत उत्तर मिळालं. प्रिन्सिपलनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. चहा आला की काय ते समजायचं. मी म्हटलं, वही त्याच्याकडून परत लिहून घेते, मग बघू. "अहो तुम्ही सिनियर आहात, मार्क आजच द्यायचेत, करा ना जरा ॲडजस्ट."

केलं ॲडजस्ट. खोटं कशाला बोलू. इंग्रजी आकड्यांत ११ चे १७ करायला काही लागत नाही, दुसऱ्या एकाच्या डोक्यावर आडवी रेघ मारली की झालं. बाजूला सही केली.

संध्याकाळी आईचा मेसेज, थँक्यू मिस, हात जोडलेले दोन इमोजी. आणि खाली, "पण हिंदीत १८ आहेत त्याला, मराठीतच कमी का?"