‘सिकलसेल तपासू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सिकलसेलला इलाज नाही, मग तपासून का करायचं? वाहक निघालेल्या पोरीचं लग्न मोडतं. अन् रक्त नेऊन डीएनए काढतात.’

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाहकात त्याचं सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, रुग्णात दोघांकडून. डीएनएचं आधी निपटवू, त्यात दम नाही. शिबिरात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात झाकल्या तर पॉझिटिव्ह. यात कुणी जनुक वाचत नाही. मात्र पॉझिटिव्ह आलेला वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवरच ठरतं. नुसत्या नळीवरून गावभर बोभाटा करणारेही मेसेज लिहिणाऱ्याइतकेच दोषी.

इलाजाचं अर्धंच खरं. आजार मुळापासून घालवू शकणारा बोन मॅरो ट्रान्सप्लांट (अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण) आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारा नाही. पण हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. तपासलंच नाही तर हातपाय ठणकणाऱ्या पोराला वाताचं तेल आणि डोळे पिवळे दिसले की काविळीचा झाडपाला, यातच वर्षं जातात.

आता लग्न. मेसेजमध्ये पोरगीच का, पोरगा का नाही? वाहक माणूस आजारी नसतो. जोडीदार निरोगी (एए) असेल तर त्यांचं एकही मूल एसएस होत नाही. फार तर वाहक होतं. दोघंही वाहक असले तर धोका, प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के; जोडीदार स्वतःच रुग्ण (एसएस) असेल तर त्याहून जास्त. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. म्हणून सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे रिपोर्ट बघा. दोघं वाहक असून लग्न झालंच, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरला सांगा, गर्भाची तपासणी करता येते. कायद्याची बंदी लिंगनिदानाला आहे, या तपासणीला नाही.

‘हा आदिवासींचा आजार’ हे शेपूटही काही जण जोडतात. विदर्भात अनुसूचित जाती आणि ओबीसींमध्येही तो आहे.

राग काढायचाच तर योग्य जागी काढा. 2023 च्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोक तपासायचं ठरलं. एवढ्या आकड्याच्या मागे धावताना समजावून सांगणं राहून जाऊ शकतं. तेव्हा रिपोर्ट अंगणात मोठ्याने वाचू देऊ नका, आणि पॉझिटिव्ह आला तर दुसऱ्या तपासणीचा निकाल लेखी मागा.