यादीत आहे तेच घ्यायचं

डोटा 2 हा पाच विरुद्ध पाच असा खेळायचा ऑनलाइन गेम, समोरच्यांचा बेस फोडला की जिंकलात. त्यात हिरो, म्हणजे आपलं पात्र, निवडून झाला की दुकानासोबत गाइड उघडतं. कुणीतरी भल्या माणसाने तुमच्यासाठी आधीच सगळं लिहून ठेवलेलं असतं. सुरुवातीला हे घ्या, मग हे, आणि हे मुख्य आयटम, म्हणजे हत्यारं-सामान. अगदी खाली एक मथळा असतो, 'परिस्थितीनुसार'. त्याखाली दहा-बारा आयटम एसटीच्या मागच्या बाकावर कोंबलेल्या पॅसेंजरांसारखे दाटीवाटीने बसलेले असतात. तिकडे बघायचं नाही. माझा सल्ला खरं म्हणजे एवढाच आहे. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही म्हणाल, याने काही सांगितलंच नाही, म्हणून जरा फोड करून सांगतो.

मी हा खेळ दहा वर्षं खेळतोय. पहिल्या वर्षी जी रँक होती तीच आजही आहे. इतकं सातत्य आजकाल बँकेच्या एफडीतही मिळत नाही.

याचं बीज लहानपणी पडलं. आई मंडईत पाठवायची, हातात यादी द्यायची. एकदा यादीत मेथी होती. गाळ्यावरची मेथी पिवळी पडलेली, आणि शेजारीच पालक, ताजा, टवटवीत, शिवाय स्वस्त. मी मेथी आणली. घरी आल्यावर आईने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'डोळे आहेत की भोकं' हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. पण यादीत मेथी होती की नव्हती? होती. मग विषय संपला.

तर माझा हिरो अँटी-मेज आणि यादी ठरलेली: पॉवर ट्रेड्स, बॅटल फ्युरी, मांता स्टाइल, अबिसल ब्लेड, बटरफ्लाय. पिशवीला मुख्य कप्पे सहा असतात हे मलाही माहीत आहे. सहाव्याची वेळ येईपर्यंत आमचा बेस पडलेला असतो, त्यामुळे तो प्रश्न आजवर कधी आला नाही. शिफ्ट दाबून क्लिक केलं की आयटम क्विकबायच्या रांगेत जाऊन बसतात. हे काम क्रीप, म्हणजे दोन्हीकडचं आपोआप चालणारं पायदळ, निघायच्या आत उरकून घ्यायचं. समोर कोण आहेत हे बघत बसलं की माणसाचं मन विनाकारण डळमळतं.

समोर कोण आहेत! नवशिक्यांना याचं भारी कौतुक. म्हणे प्रतिस्पर्ध्यावर क्लिक केलं की त्याच्या पिशवीत काय काय आहे ते सगळं दिसतं. दिसतं ना. पण दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणं हे आपले संस्कार आहेत का?

आता समोरच्या लायन या हिरोचं बघा. हा माणूस आधी जमिनीतून काटे काढून तुम्हाला खिळवतो, मग तुमचं बेडूक-बिडूक करून टाकतो, आणि शेवटी एक बोट दाखवून संपवतो. ब्लिंक मारून, म्हणजे क्षणात दुसरीकडे उडी घेऊन, निसटण्यावर ज्या अँटी-मेजचा सगळा संसार, त्याला बेडूक झाल्यावर ब्लिंक मारता येत नाही. यावर ब्लॅक किंग बार नावाचा उपाय दुकानात आहे. किंमत चार हजारांच्या घरात, म्हणजे बॅटल फ्युरीच्याच पंगतीतली. बटण दाबलं की काही सेकंद लायनचे खिळवणं-बेडूक करणं हे दोन्ही उद्योग तुमच्यावर चालत नाहीत, तेवढ्यात तुम्ही त्याचा हिशोब चुकता करू शकता. पण यादीत बॅटल फ्युरीनंतर मांता आहे. मांताने आपल्यासारखीच दिसणारी भुतं निघतात, दिसायलाही छान दिसतात. आणि ब्लॅक किंग बारची गंमत अशी की जितक्या वेळा वापराल तितकी तिची मुदत कमी होत जाते. म्हणून एकदा मित्रांच्या आग्रहाखातर घेतली तेव्हा मी ती जपून ठेवली, आजीने पैठणी डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवावी तशी. अख्ख्या सामन्यात एकदाही वापरली नाही. मेलो सात वेळा, पण बार कोरी करकरीत राहिली.

फँटम असॅसिन समोर असली की आणखी मजा. तिच्यावर केलेले वार हुकतात, आणि हुकला की स्क्रीनवर 'मिस' असं येतं. तुमचे सगळे पैसे वार करण्यात गुंतलेले आणि वार लागतच नाहीत. यासाठी मंकी किंग बार असते. तिने बहुतेक वार चुकायचे थांबतात. पण मला विचाराल तर न चुकता मारण्यात पुरुषार्थ तो काय?

रिकी अदृश्य असतो आणि पाठीमागून मारतो. त्याला उघडं पाडायला डस्टची पुडी लागते, 80 गोल्डची. ही सपोर्टने, म्हणजे टीमला सांभाळणाऱ्याने, घ्यायची असते, असं धर्मशास्त्रात कुठेतरी असणार. कॅरीने, म्हणजे माझ्यासारख्या मुख्य मारेकऱ्याने, स्वतः डस्ट बाळगणं म्हणजे नवरदेवाने पंगतीत वाढायला उठण्यासारखं आहे. रिकी तुम्हाला मारून गेल्यावर डस्ट नव्हती म्हणून पाच वेळा पिंग करायचं, म्हणजे टीमला इशारा वाजवायचा, एवढं आपलं काम. ब्रिसलबॅकची कातडी सिल्व्हर एजने मऊ पडते, हस्कर-अल्केमिस्ट या हिरोंच्या जखमा भरून येतात त्यावर स्पिरिट व्हेसल चालतं, हे सगळं मला माहीत आहे बरं का. माहीत असणं वेगळं आणि त्यासाठी गोल्ड खर्च करणं वेगळं.

एप्रिल 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटाची ईएसएल वन मुंबई ही स्पर्धा झाली, तेव्हा मी पुण्याहून खास गेलो होतो. व्यावसायिक खेळाडूंचं गाइड कोणतं, ते प्रत्यक्ष बघायला. मोठ्या पडद्यावर बघतो तर काय, हिरो तोच आणि सकाळच्या सामन्यात एक पिशवी, संध्याकाळच्या सामन्यात दुसरीच! कॅरी डस्ट घेतोय, सपोर्ट बूट वाढवायचे सोडून टीममेटला वाचवायला फोर्स स्टाफ घेतोय. मला त्यांची दया आली. एवढे मोठे खेळाडू आणि एकाचीही बिल्ड, म्हणजे आयटमची यादी, पाठ नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शांघायला इंटरनॅशनल या डोटाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची फायनल झाली. ओजी या टीमने लिक्विड या टीमला 3-1 हरवून सलग दुसऱ्यांदा करंडक उचलला, आणि त्या स्पर्धेत ओजीच्या अना या खेळाडूने आयओ हा हिरो कॅरी म्हणून खेळवून दाखवला. आयओ म्हणजे तो इवलासा चमकणारा गोळा, ज्याला तोवर जगभर सपोर्ट म्हणूनच ओळखलं जायचं. पुढचा महिनाभर आमच्या प्रत्येक सामन्यात एक तरी जण कॅरी आयओ घेऊन बसायचा. कधी आमच्याकडून, कधी त्यांच्याकडून. मीही बसलो. अनाचेच आयटम, त्याच क्रमाने, आणि सामना पंचवीस मिनिटांत हरलो. त्याने समोरचे पाच जण बघून काहीतरी विचार केला होता म्हणे. तो भाग कॉपी करता येत नव्हता, म्हणून आम्ही उरलेला केला.

पॅचचंही, म्हणजे खेळात वेळोवेळी होणाऱ्या बदलांचंही, तेच. एप्रिल 2023 च्या 7.33 या पॅचमध्ये नकाशा मोठा केला, ब्लॅक किंग बारचे नियमच बदलून टाकले. असल्या बातम्या वाचत बसू नका, त्रास होतो. आमच्या ग्रुपमधला एक जण अजून रिंग ऑफ अक्विला दुकानात शोधतो. ती तिथून केव्हाच गेली, पण शोधताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांती असते ती बघण्यासारखी आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. आमचा नाशिकचा मित्र दर दोन मिनिटांनी पाचही प्रतिस्पर्ध्यांवर क्लिक करून बघतो आणि प्रत्येकासाठी काहीतरी घ्यायला सुरुवात करतो. आयटम घेऊन दहा सेकंदांच्या आत विकला तर पूर्ण पैसे परत मिळतात, नंतर निम्मे. हा कायदा त्याच्यासाठीच केला असावा. चाळिसाव्या मिनिटाला त्याच्याकडे सहा कप्प्यांत सहा आयटमचे सुटे भाग असतात, एकही पूर्ण नाही. भंगारवाल्याची हातगाडी बरी. त्याला मी नेहमी सांगतो, बाबा रे, इतका विचार करून हरायचं तर विचार न करता हरण्यात निदान वेळ वाचतो.

यादी मोडायची परवानगी फक्त एकदाच, सगळं हातातून गेल्यावर. तेव्हा उरलेलं सगळं गोल्ड ओतून डिव्हाइन रेपियर घ्यायची. ही तलवार खेळातली सर्वांत जबर, आणि तुम्ही मेलात की ती जमिनीवर पडते. मग समोरचा ती उचलतो आणि तिनेच तुमचा बेस फोडतो. यात एक औदार्य आहे.

हे सगळं हवेत बोलतोय असं वाटू नये म्हणून परवाच्या रात्रीचं सांगतो. दीड वाजला होता. रूममेट शेजारच्या टेबलावर सीएच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याने आयुष्यात सॉलिटेअर सोडून गेम खेळलेला नाही. समोर फँटम असॅसिन, लायन, रिकी, ब्रिसलबॅक आणि झ्यूस. म्हणजे वर ज्यांची नावं घेतली ते बहुतेक सगळे, जणू माझा लेख तपासायला आले होते. आमच्याकडे क्रिस्टल मेडन खेळणारा एक जण होता, चॅटमध्ये फार कमी बोलणारा. दर काही मिनिटांनी गपचूप अदृश्य शत्रू दाखवणारे सेन्ट्री वॉर्ड लावायचा, मरायचा, परत यायचा.

तेविसाव्या मिनिटाला त्याने पहिल्यांदा लिहिलं, 'मंकी किंग बार प्लीज'. माझ्या रांगेत मांता होती. मी उत्तर दिलं नाही. एकतिसाव्या मिनिटाला परत, 'भाई, एमकेबी'. रांगेत अबिसल ब्लेड. मी लिहिलं, 'वॉर्ड कुठे आहेत?' वॉर्ड होते. पण हा प्रश्न कधीही विचारता येतो.

अडतिसाव्या मिनिटाला आमच्या वरच्या बॅरॅकसमोर मी आणि फँटम असॅसिन समोरासमोर. मी वार करतोय, ती वार करतेय. तिचे लागतायत. रूममेट पाणी प्यायला उठला होता, तो माझ्या खुर्चीमागे थबकला.

"अरे, ते सारखं सारखं मिस मिस काय येतंय?"

"नशीब," मी म्हटलं.

"तुझंच येतंय. तिचं नाही येत."

"तिचं नशीब चांगलंय."

तो बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाला, "मग त्याच्यावर काही मिळत नाही का त्या दुकानात?"

"मिळतं."

"मग?"

"बटरफ्लायला अकराशे कमी आहेत अजून."

त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी मेथीची जुडी बघून आईने बघितलं होतं तसं. मग काही न बोलता डायरेक्ट टॅक्सचं पुस्तक उघडून बसला. तेवढ्यात लायनने माझं बेडूक केलं, मी मेलो, आणि पुढचा पाऊण मिनिट मला बघत बसण्यापलीकडे काम नव्हतं. बायबॅकचे, म्हणजे लगेच परत जिवंत व्हायचे, पैसे नव्हते. बटरफ्लायसाठी ठेवले होते ते निराळे, त्यांना हात लावायचा नसतो.

शेवटची झुंज बेसमध्ये झाली. बटरफ्लाय आली होती. यादी पूर्ण! दहा वर्षांत असे क्षण बोटांवर मोजण्याइतके. मी भुतांसकट उडी मारली, मिस, मिस, एक लागला, मिस, आणि रिकीने पाठीतून संपवलं. पडल्या पडल्या राखाडी स्क्रीनवर एक विचित्र दृश्य दिसलं. क्रिस्टल मेडन, जिचं काम लांब उभं राहून बर्फ पाडायचं, ती फँटम असॅसिनच्या अंगावर चालून गेली होती आणि काठीतून वार सोडत होती. टुक. टुक. टुक. फटके कसले, मुलांना उठवताना आई मारते तसे. पण बहुतेक सगळे लागत होते.

दोन मिनिटांनी आमचा एन्शंट, म्हणजे बेसची मुख्य इमारत, फुटला आणि सामना संपला. निकालाच्या पानावर सगळ्यांचे आयटम येतात. माझे पाचच्या पाच, क्रमाने, गाइडमधल्यासारखे. खाली क्रिस्टल मेडनची ओळ. पायात तेच सुरुवातीचे 500 गोल्डचे साधे बूट, दोन सेन्ट्री, एक डस्टची पुडी, आणि त्यांच्या शेजारी जवळपास पाच हजारांची मंकी किंग बार. या खेळात एकाने घेतलेला असा आयटम दुसऱ्याच्या हातात दिला तरी चालत नाही. नाहीतर मला वाटतं, त्याने माझ्या पायाशी आणून ठेवली असती.

मी त्याला रिपोर्ट केलं. सपोर्टने मंकी किंग बार? कुठल्या गाइडमध्ये आहे हे?