साहेबांना घाण चालते

“टाकू ना, साहेब?” असं विचारताना पोराने इंजिनाच्या तेलात मिसळायच्या औषधाच्या बाटलीचं बूच निम्मं पिळलेलंच होतं. डिझेल गाडीचं तेल बदलायला गेलो होतो, एवढंच. मी “नको” म्हणालो, तर गॅरेजभर सगळ्यांनी असं पाहिलं जसं काही मी घरच्या म्हातारीचं औषध बंद केलं.

बाकावर एक गृहस्थ बसले होते. माझ्याच गाडीच्या माहितीपुस्तिकेने वारा घेत होते.

“नको म्हणतात?” त्यांनी विचारलं. मला नाही, पोराला.

“हो ना.”

“साहेबांना सांग, इंजिन आतून घासतं.”

“मी इथेच उभा आहे,” मी म्हणालो.

“तेच म्हणतोय. तुम्ही बाहेर उभे. घासणं आत चाललंय.”

मग त्यांनी इंजिनातलं तेल बघायची पट्टी मागवली, जुन्या तेलाचा थेंब बोटावर घेतला आणि सगळ्यांना दाखवला. “काळंकुट्ट! मेलंय हे.”

मी सांगायला गेलो, की डिझेलच्या ज्वलनात काजळी होतेच. ती गोळा होऊन कुठे साचू नये म्हणून तेलात डिस्पर्संट असतात, ते काजळीचे कण सुटे सुटे तरंगत ठेवतात. तेल काळं पडलं म्हणजे ते आपलं काम करतंय.

“म्हणजे घाण चांगली?”

“इंजिनाला चिकटण्यापेक्षा तेलात असलेली बरी.”

“ऐकलंस?” ते पोराला म्हणाले, “साहेबांना घाण चालते.”

पोरगा हसला. शेजारी चाक काढत असलेला माणूसही हसला, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

त्यांच्या हातातल्या त्या पुस्तिकेत साफ लिहिलंय की तेलात वरून काही मिसळू नका. ती वारा घ्यायला चालते, वाचायला चालत नाही. आणि लिहिलंय ते उगाच नाही. डिझेलच्या तेलात वजनाने १५ ते २५ टक्क्यांपर्यंत अ‍ॅडिटिव्हच, म्हणजे बनवतानाच मिसळलेली रसायनं, असतात. झीज रोखायला जस्त-फॉस्फरसचं झेडडीडीपी, आम्ल मारायला आणि धातू स्वच्छ ठेवायला कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट, तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून पॉलिमर, फेस बसवायला चिमूटभर सिलिकॉन. धातूच्या पृष्ठभागावर जागा पटकवायला यातल्या बऱ्याच रसायनांची आपापसांत चढाओढ असते. ती सांभाळून कुणीतरी प्रमाण ठरवलेलं असतं. त्यात ही बाटली म्हणजे भरल्या डब्यात खिडकीतून आत टाकलेला रुमाल.

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते, तिचा तर विचारच कुणी करत नाही. जाळीतली काजळी तापवून जाळता येते. तेलातल्या धातूंची राख जळत नाही, साचतच जाते. म्हणून सीके-४ या दर्जाच्या डिझेल-तेलात सल्फेटेड अ‍ॅशवर, म्हणजे तेल जळून उरणाऱ्या राखेवर, १ टक्क्याची मर्यादा आहे. फॉस्फरसलाही मर्यादा आहे, कारण तो धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टला बाधतो. एवढं तोलूनमापून केलेल्या तेलात पोराने बाटली उपडी करायची, आणि कंजूष मी!

गृहस्थांचा युक्तिवाद मात्र हरणाऱ्यातला नव्हता. बाटली टाकली आणि इंजिन चाललं, तर बाटलीमुळे. बसलं, तर “उशिरा टाकली.” न टाकता चाललं, तर “नशीब.” अमेरिकेत स्लिक ५० नावाचं टेफ्लॉनवालं औषध असंच खपत होतं. ते नसेल तर इंजिन सुरू होताना त्याला जवळजवळ काही संरक्षणच नसतं, असा जाहिरातीचा सूर. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे दावे खोटे असल्याचा आरोप ठेवून कारवाई केली आणि १९९७ मध्ये कंपनीने तडजोड केली. बाकावर असं कमिशन कुठून आणायचं?

“तुमच्या गाडीत टाकता का?” मी विचारलं.

“माझी गाडी नाही. जावयाची आहे.”

“मग त्यांच्या?”

“तो ऐकत नाही.”

त्या न पाहिलेल्या जावयाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

बाटलीचा उपयोगच नाही, असं म्हणणार नाही. जुन्या इंजिनाचं सील पाझरत असेल, तर सील फुगवणारं औषध थोडे दिवस ढकलतं. मधासारखं घट्ट औषध टाकलं की खडखडही कमी होते. आवाज बंद होतो, बेअरिंगमधली फट तशीच राहते. आणि हे घेतं कोण? ज्याचं पोट गाडीवर आहे आणि इंजिन खोलायला पैसे नाहीत, तो. खरं दुखणं सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल म्हणून त्याच्या हातात बाटली ठेवतात. इथे मला हसू येत नाही.

शेवटी मी पोराला विचारलं, “ते राहू दे. ड्रममध्ये तेल कुठल्या ग्रेडचं आहे?”

बाटलीचे सगळे गुण एका दमात म्हणणारा पोरगा ड्रमच्या मागे जाऊन आला. लेबल भिंतीकडे होतं.

“चांगलं आहे, साहेब.”

“चांगलं ठीक आहे. सीके-४ आहे का?”

त्याने बाकाकडे पाहिलं. गृहस्थांनी वारा घेणं थांबवलं.

“डिझेलचं आहे ना?” ते म्हणाले. “मग ओत!”