पाठिंबा द्या, पण फुकट नको

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडणाऱ्यांची सोय होईल. सरकार जरा डावीकडे झुकलेलं असेल तर डाव्या पक्षांनी त्याच्या बजेटला मत द्यावं. मात्र आधी किंमत ठरवून, लेखी घेऊन.

पुण्यात या विषयावर दोन ठरलेले आवाज ऐकू येतात. नवी पेठेतल्या सभेतून बाहेर पडलेले जुने कॉम्रेड म्हणतात, "बजेट भांडवलदारांचंच, त्याला हात कसला वर करायचा?" शेजारचे समाजवादी म्हणतात, "अहो, पाडलंत तर पुढे कोण येईल ते बघा." त्या मताच्या बदल्यात पदरात काय पडलं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

नुसत्या भीतीपोटी पाठिंबा दिला की काय होतं, ते 1997 ला पाहिलंय. संयुक्त आघाडीचं सरकार, भाकप मंत्रिमंडळात, माकप बाहेरून. अर्थमंत्री चिदंबरम यांनी आयकराचा वरचा दर 40 वरून 30 टक्क्यांवर आणला. पेपरांनी 'ड्रीम बजेट' म्हणून डोक्यावर घेतलं. डावे कुरकुरले आणि गप्प बसले, कारण समोर भाजप उभा होता. पुढच्याच वर्षी भाजप आलाच.

2004 ला, काँग्रेसच्या मनमोहन सिंग सरकारला बाहेरून पाठिंबा देताना, गणित वेगळं होतं. डाव्यांचे साठेक खासदार आणि किमान समान कार्यक्रम, म्हणजे सरकारनं काय करायचं याची ठरलेली यादी, कागदावर. तेव्हा वसुलीही झाली. रोजगार हमी विधेयकाचा पहिला मसुदा फक्त गरीब कुटुंबांपुरता होता. 2005 चा कायदा झाला तो खेड्यातल्या कुठल्याही कुटुंबासाठी, आणि त्यात डाव्यांच्या रेट्याचा वाटा मोठा होता. सरकारी भेल कंपनीचे 10 टक्के शेअर विकायचा घाट डाव्यांनी सरकारबरोबरच्या समन्वय समितीवर बहिष्कार टाकल्यावर बारगळला. टेकू दिला की रस्त्यावरची लढाई संपते, असं म्हणणाऱ्यांनी 29 सप्टेंबर 2005 आठवावा. त्याच सरकारविरुद्ध डाव्या युनियनांनी देशव्यापी संप केला होता.

(रोजगार हमी मुळात आपली, महाराष्ट्राची, 72 च्या दुष्काळातून आलेली. पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्सचे 200 रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत 300? तो कर 1975 मध्ये रोहयोला पैसा उभा करायला लावला होता, हे हिंजवडीत किती जणांना माहीत असेल? बजेटमधली लढाई म्हणजे हीच, कुणाच्या खिशातून काढून कुणाच्या हजेरीपटावर घालायचं ही.)

मग 8 जुलै 2008. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला. तत्त्व म्हणून चुकलं असं मी म्हणणार नाही. करार किमान समान कार्यक्रमात नव्हताच. पण मार्केट यार्डातल्या हमालाला अणुकरार समजावून सांगा पाहू! सरकार 275 विरुद्ध 256 नं तरलं, 2009 ला डावे 24 वर आले. बंगालमधलं नंदीग्रामचं जमिनीचं प्रकरण वगैरे कारणं होतीच, नाही कशाला म्हणू. पण रोहयोचं श्रेय काँग्रेस घेऊन गेली.

पोर्तुगालमध्येही जवळपास हेच घडलं. गोव्याचं मूळ असलेले अँटोनिओ कोस्टा यांचं अल्पमतातलं समाजवादी सरकार 2015 ला आलं, ते कम्युनिस्ट आणि लेफ्ट ब्लॉक यांच्याशी वेगवेगळे लेखी समझोते करून. बजेटं पास होत गेली, किमान वेतन 505 युरोंवरून 600 वर गेलं. 2019 नंतर लेखी काहीच उरलं नाही, दरवर्षी नवी घासाघीस. ऑक्टोबर 2021 मध्ये दोघांनी बजेटविरुद्ध मत दिलं आणि ते पडलं. तीन महिन्यांत निवडणूक झाली. समाजवाद्यांना एकहाती बहुमत, लेफ्ट ब्लॉक 19 वरून 5 वर, कम्युनिस्टांची आघाडी 12 वरून 6 वर, आणि कडवा उजवा शेगा पक्ष 1 वरून 12 वर.

पण हीच कम्युनिस्टांची आघाडी पाठिंबा देत होती तेव्हाही 17 वरून 12 वर आली होती. श्रेय मोठा पक्षच खातो. म्हणजे जागा दोन्हीकडून जातात. मग जागांकडे बघून ठरवायचंच कशाला?

तटस्थ राहणं तर मला अजिबात पटत नाही. 30 नोव्हेंबर 2019 ला महाविकास आघाडीच्या विश्वासदर्शक ठरावावर माकपचे एकुलते एक आमदार तटस्थ राहिले. 169 मतं हातात असलेल्या सरकारला त्याचं काय सोयरसुतक?

आमच्या कात्रजच्या सोसायटीत एक काका आहेत, भोसरीच्या कारखान्यात आयुष्य गेलेले. पासबुक छापून आणतात आणि ती ओळ बोटानं दाखवतात: 1,480 रुपये. ही महिन्याची पेन्शन. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफसोबतच्या कामगार पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली, तिथेच अडकून पडली. पेन्शनर 7,500 मागतायत.

उद्या दिल्लीत तसं सरकार आलं आणि डाव्यांच्या मतांवर टेकलं, तर बजेट छपाईला जायच्या आधी, डिसेंबरातच, हा आकडा टेबलावर ठेवावा. सोबत आशाताई आणि अंगणवाडीताईंचं मानधन. सगळं मिळणार नाही, हे धरूनच चालायचं. किमान पेन्शन 3,000 झाली तरी हात वर करावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा भांडायला बसावं. काहीच देत नसतील तर पेन्शनच्याच मुद्द्यावर कपात सूचना (बजेटमधली तरतूद कमी करायचा ठराव) आणावी, मतविभागणी मागावी, मग सरकार राहो नाहीतर जावो.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तीन हजारांवर तोडू नका, पाचावर धरून बसा." युनियनमध्ये होते ना.