‘नाट्यवेडा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार ‘नाट्यवेडा’,

शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या दोन भागांवरून अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने केलेल्या ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ या चित्रपटावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: वेल्सने शेक्सपिअरची मोडतोड केली, संवाद धड ऐकू येत नाहीत, हॉटस्परवर (राजाविरुद्ध बंड करणारा तरुण सरदार) अन्याय झाला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही तेव्हा चित्रपटाला झोडपलं होतं आणि ‘लेखकाने मूळ नाटकं वाचायची तसदी घेतलेली दिसत नाही’.

आवाजाचं आधी उरकतो. तुमचं बरोबर आहे. पैशांची चणचण, चित्रीकरण स्पेनमध्ये, आवाज मागाहून भरलेला, काही पात्रांना तर वेल्सनेच आवाज दिलेला. ओठ आणि शब्द अधूनमधून फारकत घेतात. चित्रपट उचलून धरणाऱ्या अमेरिकन समीक्षक पॉलीन केलनेही १९६७ मध्ये आवाजाबद्दल कुरकुर केली होती. हा मुद्दा तुमचा.

आता ते ‘तसदी’वालं वाक्य. मतभेदाला मी कधीच ना म्हटलेलं नाही, पण हा मास्तरी सूर कशाला? मास्तरकी मीही केली आहे. ‘हेन्री चौथा’चा पहिला भाग मी कॉलेजात शिकवायचो. दुसरा अभ्यासक्रमात नव्हता; तो वाचला, कारण फॉल्स्टाफचं, म्हणजे राजपुत्र हॅलच्या त्या म्हाताऱ्या, गमत्या दोस्ताचं, पुढे काय झालं हे पोरं विचारायची. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालमी केल्यात, प्रॉम्प्टिंग केलंय, लेखकासमोर त्याची पानंच्या पानं कापली जाताना पाहिलीत. काटछाटीचं मला तुमच्याइतकं सोवळं नाही.

आणि नाटकं वाचली आहेत म्हणूनच वेल्सचं कौतुक वाटतं. फॉल्स्टाफ आणि त्याचा जुना मित्र शॅलो जुन्या रात्री आठवतात तो प्रसंग दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या अंकात, सैनिकभरतीच्या गडबडीत येतो. वेल्सने तो उचलून चित्रपटाच्या तोंडाशी ठेवला. त्यामुळे हॅलची सगळी थट्टामस्करी आपण दोन थकलेल्या म्हाताऱ्यांच्या मागून बघतो. पहिल्या भागात खानावळीत राजा-राजा खेळताना हॅल फॉल्स्टाफला हाकलायचं कबूल करतो, आणि खरंच हाकलतो ते दुसऱ्या भागाच्या शेवटी, राज्याभिषेकानंतर. नुसता पहिला भाग बघणारा प्रेक्षक ते न बघताच घरी जातो. वेल्सने धमकी आणि तिची अंमलबजावणी एकाच बैठकीत आणली. याला मोडतोड म्हणायचं तर म्हणा. दोन्ही नाटकं तोंडपाठ असल्याशिवाय ती जमत नाही. १९३९ मध्ये ‘फाइव्ह किंग्ज’ हे नाटक आणि १९६० मध्ये बेलफास्ट-डब्लिनला चित्रपटाच्याच नावाचं नाटक, असा रंगमंचावर दोनदा झगडून तो १९६५ च्या सुमारास कॅमेऱ्यापाशी आला होता. तसदी यालाच म्हणत असावेत.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउथर यांचा हवाला देताना एवढंही सांगायचं होतं की याच गृहस्थांनी त्याच वर्षी, १९६७ मध्ये, आज गाजलेल्या ‘बॉनी अँड क्लाइड’ चित्रपटालाही धुतलं होतं. १९६६ मध्ये कान चित्रपट महोत्सवात वेल्सच्या या चित्रपटाला बक्षीस मिळालं, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. सोयीचं तेवढं आठवतं बुवा आपल्याला!

हॉटस्परबद्दलचं तुमचं मत तुम्हाला लखलाभ.

आणि हो, खानावळीतला तो राजा-राजाचा खेळ तुम्ही तिसऱ्या अंकात टाकलाय. तो दुसऱ्या अंकात आहे, चौथा प्रवेश. वाचायची तसदी घ्या.