इमेज निघेपर्यंत मिक्सर लावू नये

जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला पाळतात. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल, तेव्हा आदल्या दिवशीच शहाणं व्हावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे, पण तारीख ठरवणाऱ्याचा आपल्या आर्थिक वर्षाशी कधी संबंध आलेला नसावा. आमच्याकडे त्या दिवशी माणूस विम्याच्या हप्त्याची पावती शोधत असतो. तिची एकच प्रत असते आणि ती नेमकी कपाटाच्या त्या कप्प्यात असते ज्याची किल्ली सापडत नाही. अशा माणसाला ‘डिस्कचा बॅकअप घेतलास का?’ असं विचारायची गिरगावात तरी कोणाची हिंमत नाही.

म्हणून मला श्रावण उजाडला.

माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, आणि गणपती गेले की दिवाळी अंक. कॉम्प्युटर जुना. त्यात विंडोज ७, ज्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. त्यात पानं जुळवायचा पेजमेकर, जो बंद होऊन कितीतरी दिवाळ्या झाल्या. आणि त्यात युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले मराठी फॉन्ट. या फॉन्टांचा स्वभाव असा, की ते नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी डॉलर, कंस आणि टक्क्यांची चिन्हं येतात. अशी पत्रिका छापली तर लग्न मोडायचं. फॉन्टच्या सीडी होत्या, पण त्या हिनं कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत टांगल्या. सीडी गेल्या. कबुतरं आहेत.

आषाढात डिस्क कटकट करू लागली. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी वस्तू थोडीफार बोलणारच, असं म्हणून मी रेडिओ लावायचो. पण भाच्याच्या कानांवर आले ते आवाज. भाचा म्हणजे पुण्याच्या ताईचा मुलगा. इथे इंजिनिअरिंग शिकतो, आमच्याकडे राहतो आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला किती दिवस उरलेत ते सांगतो.

“मामा, ही जाणार.”

“फाइली पेनड्राइव्हवर घेतल्यात की.”

“फाइलींचं काय करणार? फॉन्ट? पेजमेकर? इमेज काढ.”

मग त्यानं समजावलं. नुसत्या कॉपीत आपण निवडलेल्या फाइली येतात. इमेजमध्ये अख्खी डिस्क येते. विंडोज, प्रोग्राम, त्यांची सेटिंग, कॉम्प्युटर सुरू होताना वाचला जाणारा डिस्कवरचा पहिला सेक्टरसुद्धा. उद्या डिस्क मेली तर नव्या डिस्कवर ती इमेज उतरवायची की आदल्या दिवशीचा कॉम्प्युटर परत, डेस्कटॉपवरचे आयकॉन होते त्याच जागी. हे ऐकून मला भरून आलं. नंतर लक्षात आलं, की म्हणजे रिसायकल बिनही येणार. पैसे बुडवलेल्या उमेदवाराचं पत्रक येणार. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन हेच’ अशा नावांच्या फाइलीही सगळ्या येणार. इमेज काही निवडत नाही.

डिस्क आणायला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण त्या नावानं पत्ता विचारला तर लोक तुम्हाला परगावचे समजतात. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनना आपलं नाव पुढे टोनर, केबल आणि एसएमपीएसच्या खोक्यांत टिकून राहील असं स्वप्नातही वाटलं नसेल. दुकानदारानं एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क काढली, लॅपटॉपला लावून दाखवली. पडद्यावर ९३१ जीबी.

“बाकीचे ६९?” मी विचारलं.

“कंपनी हजार से गिनती है साब, विंडोज एक हजार चोबीस से. फ्लॅट लिया है ना कभी? सुपर बिल्ट-अप बोलते हैं, कार्पेट मिलता है.”

चाळीत जन्म गेलेल्या माणसाला दाखला जरा झोंबला, पण हिशेब पटला. कशासाठी पाहिजे ते सांगितल्यावर तो म्हणाला, “उस में क्या, घोस्ट मार दो.” घोस्ट हा प्रोग्राम १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये जन्मला, १९९८ मध्ये अमेरिकेच्या सिमॅन्टेकनं विकत घेतला आणि २०१३ मध्ये त्याची विक्री थांबली. लॅमिंग्टन रोडला हे कोणी कळवलेलं नाही. तिथे इमेज कशानंही काढा, मारतात तो घोस्टच.

भाच्यानं मात्र क्लोनझिला घेतलं. तैवानात तयार झालेलं, लिनक्सवर चालणारं आणि फुकट. यातला शेवटचा गुण मला सर्वांत आधी पटला. ते पेनड्राइव्हवरून चालतं. कॉम्प्युटर चालू करताना विंडोज जागं व्हायच्या आत एफ१२ दाबायची. ही वेळ पाव सेकंदाची असते. तेवढ्यात नाही दाबली तर विंडोज सावकाश, आपल्या वयाला शोभेल अशा गतीनं उघडतं, आणि ते पूर्ण उघडल्याशिवाय त्याला बंद करू नये म्हणतात. त्या संध्याकाळी मी आणि भाचा आळीपाळीनं एफ१२ दाबत होतो. शेजारचे नाना दारात उभे राहून “आता! आता!” म्हणत होते. त्यांना पडदा दिसतही नव्हता.

मग उजळणी. क्लोनझिलाला ‘जुनी डिस्क’, ‘नवी डिस्क’ कळत नाही. त्याच्या लेखी एक एसडीए आणि दुसरी एसडीबी. कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं, एवढंच ते विचारतं, आणि आपण उलटं सांगितलं तर तितक्याच निष्ठेनं उलटं करतं. डिस्कवरून थेट डिस्कवर नक्कल करताना तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुन्या डिस्कवर उतरू शकतो. मी आकारावरून ओळखायचं ठरवलं. लहान ती जुनी, मोठी ती नवी. तरीही वहीत लिहून घेतलं, भाच्याला वाचून दाखवलं आणि नानांची साक्ष घेतली. लग्नाच्या याद्या करतानाही आमच्याकडे एवढी काळजी घेतली नव्हती. एक्स्टर्नल डिस्क भाच्यानं लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केली, जी विंडोजला आपणहून वाचता येत नाही. “मामा, हेच बरं,” म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर इमेज सुरू झाली. जुन्या कॉम्प्युटरला यूएसबी २.० ची भोकं. कागदावर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात तीसेक मेगाबाइट. क्लोनझिला भरलेला भागच उचलतं, रिकामा सोडून देतं, तरी भरलेला भाग तीनशे जीबी. म्हणजे तीन तास, शिवाय निघालेली इमेज धड आहे का ते तपासण्याचा वेळ वेगळा. हा हिशेब धडधाकट डिस्कचा. आमच्या डिस्कला खराब जागा लागली की ती थांबायची, कटकटायची, पुन्हा वाचायची. ‘उरलेला वेळ’ दोन तासांवरून सहावर गेला, तिथून चारवर आला, मग नऊवर.

मुंबईत वीज जात नाही, हा आमचा जुना अभिमान. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळून अख्खी मुंबई बंद पडली, लोकलसकट, तेव्हापासून तो अभिमान आम्ही जरा हळू आवाजात बाळगतो. यूपीएस माझ्याकडे आहे. त्याची बॅटरी फक्त ती संपल्याचं सांगण्यापुरती पुरते.

पण संकट ग्रिडकडून आलं नाही. सोमवार उजाडला. श्रावणी सोमवार. ही उठली, आंघोळ केली, भिजलेला साबुदाणा निथळत ठेवला आणि दाणे घेऊन मिक्सरपाशी गेली. आमच्या खोलीत मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. मिक्सर सुरू केला की बल्ब डोळा मारतो.

“थांब!” मी ओरडलो. “एक्क्याऐंशी टक्के झालेत!”

“कशाचे?”

“इमेजचे.”

“आणि उपासाचे?”

यावर उत्तर नव्हतं. शेवटी नानांकडून खलबत्ता आला. पुढचा तासभर खोलीत दोनच आवाज होते, डिस्कची कटकट आणि खलबत्त्याची ठणठण. दोन्हींत राग कशात जास्त होता ते मला ओळखता येत होतं. अकराच्या सुमारास पडद्यावर इमेज पूर्ण झाल्याचं, तपासून ठीक असल्याचं आलं. मी खिचडी खाल्ली. कूट जाडसर होतं. त्याबद्दल काही बोललो नाही.

मला वाटलं संपलं. भाचा म्हणाला, उतरवून पाहिल्याशिवाय इमेजला इमेज म्हणायचं नाही. पटलं, आणि पटल्याचा राग आला. जुनी डिस्क बाहेर काढून एक सेकंडहँड डिस्क आत बसवली. उतरवताना क्लोनझिला विचारतं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? ‘वाय’ दाबलं. त्यावर ते अक्षरशः म्हणतं, पुन्हा एकदा विचारतो. दुसरा ‘वाय’ दाबताना माझा हात थरथरला. पुसायला आत काही नव्हतं, तरी थरथरला. आणि मग विंडोज उघडलं. सगळं परत. फॉन्ट, पत्रिका, पेजमेकर, पत्रक, ‘फायनल नवीन हेच’. अँटीव्हायरसची ‘आपली मुदत संपली आहे’ ही पाटीसुद्धा पूर्वीच्याच कोपऱ्यात, पूर्वीच्याच लाल रंगात हजर.

राहिला एक नियम. जाणकार तीन-दोन-एक म्हणतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे मुंबईत नेमकं कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशेबानं हिंदमाता बाद, कुर्ला बाद, तळमजल्यावरचे सगळे नातेवाईक बाद. चौथ्या मजल्यावर एकच मेहुणे आहेत, पण त्यांच्याशी बोलणं नाही. शेवटी इमेजची दुसरी प्रत काढून घरी ठेवली आणि ती डिस्क भाच्याबरोबर ताईकडे पुण्याला पाठवली. कपाटात, साड्यांच्या खाली ठेव, असा निरोप दिला.

परवा भावजींचा फोन आला. निवृत्त आहेत, वेळ असतो.

“अरे, तुझी ती डिस्क सापडली कपाटात. म्हटलं बघावं काय आहे, काही जुनी गाणीबिणी असतील. लॅपटॉपला लावली तर काहीच दिसेना. तो म्हणतोय, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.”

“भावजी,” मी म्हणालो, “हात लावू नका.”

“नाही लावला रे. मी काय तसा आहे? आधी तुला विचारून घ्यावं म्हटलं. तुझा फोन लागत नव्हता, म्हणून हिला सांगून ठेवलं होतं, तो विचारतोय त्याला काहीतरी उत्तर दे.”