"खरंच निर्दोष आहे का हो तो?"

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबेल. नको असेल त्यांनी पुढे सरका.

वस्तीवरच्या एका मावशींना तुरुंगात मुलाच्या मुलाखतीला जायचंय. एसटीचं भाडं आणि पोराच्या नावावर थोडी मनीऑर्डर, एवढंच हवं होतं. ग्रुपवर टाकलं. एका चांगल्या शिकलेल्या मित्राचं उत्तर: "खरंच निर्दोष आहे का हो तो? आग असल्याशिवाय धूर निघत नाही." त्यावर लगेच अंगठेही आले.

धूर! २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले आणि भटक्या जमातीतले सहा मजूर उचलले गेले. सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांनाही परत फाशीवर नेलं. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सहाही निर्दोष. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून आधी भलत्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांच्या मागे कुणी गेलंच नाही. सहांतला एक तर तेव्हा अल्पवयीन होता. भरपाई माणशी ५ लाख. सोळा वर्षांचे. भागा आणि बघा महिन्याला किती पडतात ते.

मावशींबरोबर मागे मी गेले होते. शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती गेटवरच राहिली. आधारवर आडनावाची एक वेलांटी चुकलेली, म्हणून खिडकीतला माणूस म्हणाला, उद्या या. मी भांडायला लागले तर मावशींनीच माझा हात धरला. "नको ताई, राग त्याच्यावर निघंल." शेवटी सोडलं. काचेपलीकडे पोरगं, कानाला फोन. केसबद्दल अवाक्षर नाही. पत्रा गळतो का, शेळी व्याली का, एवढंच बोलले दोघं.

हो, आत असलेला प्रत्येक जण निर्दोष नसतो. आमच्याकडे येणारेही सगळे नसतील. मान्य. पण ज्यांचं माणूस मेलं त्यांना तरी भलताच कुणी आत डांबून काय मिळतं?

आणि सुटका झाल्यावर बातमी शेअर करून हळहळणाऱ्यांचा मला आता कंटाळा आलाय. काम त्याच्या आधीचं असतं, आणि ते फार रटाळ असतं. निकालाच्या नकला काढा, वकीलपत्रावर अंगठा घ्या, शाळेचा दाखला शोधा. हसू नका दाखल्याला. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेला एक जण शाळेच्या नोंदीवरूनच २०२३ मध्ये सुटला, कारण गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा निघाला. अठ्ठावीस वर्षं आत काढून झाल्यावर! मावशींच्या पोराचा दाखला मिळवायला आम्ही तीन शाळा पालथ्या घातल्या, कारण बाप दगड फोडायला जाईल तिथे पोराची शाळा. अजून मिळालेला नाही.

मुंबईतल्या २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले वाहिद शेख बघा. पेशाने मास्तर. नऊ वर्षं आत गेली, तर बाहेर येऊन माणूस गप्प घरी बसला असता. हे मात्र मागे राहिलेल्यांसाठी बोलत राहिले, लिहीत राहिले. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने त्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली, तोवर त्यांतला एक तुरुंगातच वारला होता. (सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, ठाऊक आहे. खाली त्यावर भांडू नका.)

त्या मित्राला मी ब्लॉक केलेलं नाही. तसा वाईट नाही तो. लॉकडाऊनमध्ये याच वस्तीवर धान्य त्याच्याच गाडीतून गेलं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

असो. भाड्याचे पैसे जमले. रविवारी चार्जशीटची पानं लावायला बसतोय, मोडीसारखं पोलिसी अक्षर लावता येणारं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये या. चहा आमच्याकडे, चष्मा तुमचा तुम्ही आणा.